नाक्यावरून उठावे की बसून राहावे?

गेल्या पावसाळ्यात ग्वाल्हेरला नातेवाइकांकडे आमचा महिनाभर मुक्काम होता. त्यांचे घर लष्कर भागात, कंपूवर. हे नाव ऐकून मराठी वाचकाला जरा हसू येईल, कारण आपल्याकडे कंपू म्हणजे चारचौघांची टोळी. तिकडचा कंपू पलटणीचा. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला तो उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार आले, छावणीचे शहर झाले, आणि 'लष्कर' व 'कंपू' ही नावे मागे राहिली. तात्पुरते म्हणून मांडलेले पुष्कळदा असे कायमचे होऊन बसते. तेथे भेटलेल्या एका तरुणाला नेमकी हीच धास्ती होती.

वय २६, वाणिज्य शाखेचा पदवीधर. आजोबा नोकरीनिमित्त नगरकडून तिकडे गेले आणि तेथलेच झाले. मंडळीची उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मात्र अजून मराठीत. हा चार वर्षांपासून एका कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या भविष्य निधीच्या नोंदी तपासतो. नोकरी पक्की, पगार वेळेवर. एके संध्याकाळी आमच्याजवळ बसून म्हणाला, "काका, सकाळी संगणक सुरू केला की पहिला विचार येतो तो पाच कधी वाजतील हा. अजून चौतीस वर्षे हेच करायचे आहे. कधी वाटते, देव मला दुसरीकडे बोलावतो आहे. पण कुठे, ते काही सांगत नाही."

मंडळीत त्याला दोन सल्ले मिळाले होते, तेही एकाच रविवारी, उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर. एक वडील म्हणाले, "पक्की नोकरी मिळायला लोक देव पाण्यात घालून बसतात, आणि तुला कंटाळा येतो?" (ख्रिस्ती वडिलांच्या तोंडी ही म्हण ऐकून आम्हांला गंमत वाटली.) शब्बाथ शाळेच्या बाई म्हणाल्या, "तुझे मन जगाच्या कामात लागत नाही, याचा अर्थ उघड आहे. तू ईश्वरविद्येच्या शिक्षणाला जा."

पहिला सल्ला कठोर आहे, पण आम्हांला भीती दुसऱ्याची वाटते. कारण तो आम्हीही एकदा दिला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक मुलगा कारकुनीला कंटाळला होता. गळा चांगला, प्रार्थना सुरेख करी. आम्ही चार जणांनी त्याला सांगितले की हे बोलावणेच आहे. शिफारसपत्रही आम्हीच लिहिले. दीड वर्षाने तो परत आला. तिकडे काही वाईट घडले नव्हते; अभ्यासाचा, भेटींचा, आजाऱ्यांच्या उशाशी बसण्याचा त्याला तसाच कंटाळा आला, एवढेच. पण पूर्वी तो केवळ कंटाळलेला होता, आता स्वतःला देवाचा अपराधी समजू लागला. कित्येक महिने तो उपासनेला आला नाही. हे ओझे त्याच्या पाठीवर आम्ही ठेवले.

तेव्हापासून शुभवर्तमानांतील जकातदार आम्ही वेगळ्या रीतीने वाचतो. लेवी जकातीच्या नाक्यावर बसला होता. प्रभूने त्याला हाक मारली आणि तो सगळे सोडून उठला. मुलांना हा पाठ आपण रंगवून सांगतो. जक्कयाचाही सांगतो, उंबराच्या झाडासह. पण पुढचे विचारत नाही: जक्कय दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे गेला? त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला. पण नाका सोडल्याचे लूक लिहीत नाही, आणि प्रभूने तो सोडायला सांगितल्याचेही लिहीत नाही. त्याच्याही आधी यार्देनेकाठी जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले व आम्ही काय करावे म्हणून विचारू लागले, तेव्हा त्या कडक माणसाने त्यांना नोकरी सोडायला लावले नाही. ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच बजावले. धंदा एकच. एकाला ऊठ म्हटले, बाकीच्यांना म्हटले नाही. आणि लेवी कंटाळला होता म्हणून उठला असे कोठेच म्हटलेले नाही.

सोळाव्या शतकात ल्यूथरने शिकवले की बोलावणे पाळकालाच असते असे नाही. चांभाराला, दूध काढणाऱ्या मोलकरणीलाही ते असते. आपली मंडळी याच शिकवणीवर उभी आहे. तरी आपण रविवारी 'देवाचे काम' म्हणतो ते व्यासपीठाकडे बोट दाखवून.

बरे, काम बदलल्याने दिशा सापडते काय? त्या मुलाला आम्ही त्याच्याच प्रांताकडचे एक नाव सांगितले. गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १९१७चा, श्योपूरचा, म्हणजे तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातला. घर मराठी, वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी झाले, गजाननराव हिंदीत. शुजालपूर, उज्जैन, जबलपूर, नागपूर अशी गावे बदलत त्यांनी शाळांत शिकवले, सरकारी माहिती खात्यात काम केले, आकाशवाणीत केले, साप्ताहिकात केले. १९५८ साली, चाळिशी उलटल्यावर, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. १९६४ साली ते गेले. एवढ्या नोकऱ्यांपैकी एकीनेही त्यांना दिशा दिली नाही. दिशा लिहिण्याची होती आणि ती प्रत्येक नोकरीत त्यांच्याबरोबर होती. हे ऐकून तो मुलगा चटकन म्हणाला, "म्हणजे नोकरी कोणतीही चालते?" तसेही नाही. मुक्तिबोधांनी पैशाची ओढाताण जन्मभर सोसली, आणि ती एकट्याने सोसली नाही.

येथे आपल्या वाचकांना रेव्हरंड टिळक आठवतील. नारायण वामन टिळकांनीही शिक्षकी केली, छापखान्यात काम केले, गावे बदलली. राजनांदगावच्याच वाटेवर आगगाडीत त्यांच्या हाती नवा करार आला, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही ते एका जागी स्वस्थ बसले नाहीत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. आपण टिळकांच्या ओढीचा गौरव करतो आणि तो योग्यच आहे. पण त्या ओढीची किंमत घरात कोणी मोजली, हे पाहायचे तर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' उघडावी. हसत हसत लिहिले आहे, म्हणून आपणही हसत वाचतो. चूल मात्र त्यांनाच पेटवावी लागत होती.

म्हणून आम्ही त्या तरुणाला त्याच्या स्वप्नाविषयी विचारण्याआधी घराविषयी विचारले. वडील निवृत्त. बहीण परिचारिकेचे शिक्षण घेते, तिचे एक वर्ष राहिले आहे, फी हाच भरतो. मग विचारले, आठवड्यात अशी एखादी वेळ आहे का, जेव्हा घड्याळाकडे लक्ष जात नाही? तो बराच वेळ गप्प राहिला. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतील सहा-सात मुले त्याच्याकडे गणित शिकायला येतात, फुकट. त्यांत एक मुलगी अपूर्णांकांना इतकी भ्यायची की पाटीच पालथी घाली. ती आता इतरांना समजावते. हे सांगताना त्याचा चेहरा निराळाच झाला. बोलावणे स्वर्गातून नाव घेऊन येईल, शमुवेलाला आले तसे, म्हणून तो रात्री जागा राहत होता. आणि ही मुलगी आठवड्यातून दोनदा दार वाजवीत होती.

पण शाळेत शिक्षक व्हायचे तर बी.एड. हवे, आणि ते आता दोन वर्षांचे, पूर्ण वेळेचे. म्हणजे नोकरी सोडायची, दोन वर्षे पगार नाही. "सोड" असे म्हणण्याचा मोह आम्हांला झाला. शिफारसपत्र आठवले आणि जीभ आवरली. "सोडू नकोस" म्हणण्याचाही हक्क आम्हांला नव्हता. बहिणीची फी आम्ही भरत नव्हतो आणि त्याची चौतीस वर्षेही आम्ही काढणार नव्हतो. एवढेच म्हणालो की हा हिशेब बहिणीला आणि वडिलांना घेऊन एका टेबलाशी बसून मांड. एकट्याने रात्री मांडू नकोस. तो मांडायला तयार झाला, पण बहिणीला काही सांगायचे त्याच्या जिवावर आले होते. ती शिक्षण सोडीन म्हणेल, अशी त्याला भीती.

आमचा निघायचा दिवस जवळ आला तेव्हा तो पुन्हा आला. त्या आठवड्यात कार्यालयात एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांच्या भविष्य निधीच्या खात्यात वीस वर्षांपूर्वीच्या अकरा महिन्यांच्या वर्गणीची नोंदच नव्हती. पगारातून पैसे कापलेले, खात्यात जमा नाहीत. म्हातारबाबा तिसऱ्यांदा आले होते, पिशवीत जुन्या पगारपावत्या घेऊन. हा तीन दिवस जुनी बाडे उपसत बसला. एका आकड्याच्या चुकीने ती रक्कम दुसऱ्याच कोणाच्या खात्यात पडली होती, ती सापडली.

"खाते क्रमांकात तीनचा आठ झाला होता, काका," तो म्हणाला. "जुन्या शाईत तीन आणि आठ सारखेच दिसतात." ते अक्षर कसे ओळखले, कोणती वही आधी काढली, हे तो पाऊण तास सांगत होता. चहा निवून गेला. मध्येच पिशवीतून रुमाल काढताना बी.एड.च्या प्रवेशाचा अर्ज खाली पडला. तो त्याने उचलून नीट घडी करून परत ठेवला. मुदत महिनाअखेरपर्यंत होती. बहिणीशी बोलणे रविवारी, उपासनेनंतर, व्हायचे होते.