दोन यार्डांचा हिशेब

१५ नोव्हेंबर २००९ची रात्र. इंडियानापोलिसच्या मैदानावर न्यू इंग्लंड पॅट्रियट्स ३४-२८ अशा आघाडीवर होते आणि सामना संपायला जेमतेम दोन मिनिटे उरली होती. चेंडू त्यांच्याकडे होता, पण स्वतःच्याच बाजूच्या २८ यार्डांच्या रेषेवर. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन संपल्या होत्या, दोन यार्ड बाकी होते. अशा वेळी रिवाज ठरलेला: पंट करायचा, म्हणजे लाथ मारून चेंडू लांब धाडायचा. तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो खरा, पण त्याला गोल गाठायला मैदानाचा मोठा भाग तुडवावा लागतो.

प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी पंट केला नाही. चौथी संधी खेळायची, असे त्यांनी ठरवले.

त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, टॉम ब्रेडी याने सहकारी केव्हिन फॉककडे पास दिला. चेंडू फॉकच्या हातात क्षणभर डळमळला, तेवढ्यात बचावपटूने त्याला मागे रेटले. पंचांनी चेंडू ठेवला तो हव्या त्या रेषेच्या यार्डभर अलीकडे, आणि चेंडू तिथेच प्रतिस्पर्ध्याकडे गेला. दाद मागावी तर त्यासाठी लागणारे टाइमआउट संपलेले. मग इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने आयते मिळालेले ते छोटे अंतर कापले, १३ सेकंद उरले असताना टचडाउन साधला आणि कोल्ट्स ३५-३४ने जिंकले.

टीका तिथल्या तिथे सुरू झाली. आदल्याच हंगामापर्यंत बेलिचिक यांच्या संघात खेळलेला रॉडनी हॅरिसन टीव्हीवर म्हणाला, की त्यांचा इतका वाईट निर्णय आपण कधी पाहिला नाही. गर्विष्ठपणा, उतावीळपणा, स्वतःच्या बचावफळीवरचा अविश्वास, असे सगळे आरोप झाले.

ब्रायन बर्क हा एके काळचा नौदलातला लढाऊ वैमानिक. त्याच्याकडे मागच्या अनेक हंगामांतल्या चालींची नोंद होती. त्याने त्या रात्रीचा हिशेब मांडला. समजा, हीच वेळ शंभरदा आली. चौथ्या संधीला दोन यार्ड साधारण ६० वेळा मिळतात, आणि ते मिळाले की सामना खिशात. उरलेल्या ४० वेळांपैकी इतक्या जवळूनही प्रतिस्पर्धी दर वेळी टचडाउन करत नाही. १९च्या आसपास वेळा बचाव तरतो. एकूण ७९. पंट केला तर विजय ७० वेळा. म्हणजे ज्या निर्णयाला सगळे वेडेपणा म्हणत होते, तोच जिंकायची शक्यता शंभरात नऊने वाढवत होता.

हे गणित तेव्हा नवे नव्हते, याचे मला फार वाईट वाटते. व्हर्जिल कार्टर या क्वार्टरबॅकने प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांच्यासोबत १९६९च्या हंगामातल्या हजारो चाली तपासल्या होत्या. मैदानावर कुठल्या जागी चेंडू हाती असणे सरासरी किती गुणांचे, हे त्यांनी १९७१मध्ये छापून दाखवले होते. पुढे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी सिद्ध केले, की संघ चौथ्या संधीला गरजेपेक्षा फार जास्त वेळा चेंडू लाथाडून टाकतात. कारण उघड आहे. पंट करून हरलेल्या प्रशिक्षकाला कोणी जाब विचारत नाही. वेळेवर पेरणी केलेल्या शेतकऱ्याचे पीक गारपिटीत गेले, तर त्याच्या पेरणीला आपण नावे ठेवत नाही. चौथी संधी खेळून हरलेल्या प्रशिक्षकाला मात्र ठेवतो.

४ फेब्रुवारी २०१८. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, समोर पुन्हा बेलिचिक यांचेच पॅट्रियट्स. फिलाडेल्फिया ईगल्सचे प्रशिक्षक डग पेडरसन यांनी पूर्वार्धात चौथ्या संधीला अशी चाल खेळली, की क्वार्टरबॅक निक फोल्स यानेच टचडाउनचा पास झेलला. त्या चालीआधी मैदानाच्या कडेला झालेल्या दोघांच्या बोलण्याचा पुतळा आज फिलाडेल्फियाच्या स्टेडियमबाहेर उभा आहे. माझ्या मते त्या रात्रीचा खरा कठीण निर्णय तो नव्हताच. शेवटच्या सहा मिनिटांत ईगल्स ३२-३३ने मागे होते, चेंडू स्वतःच्या ४५ यार्डांच्या रेषेवर, चौथी संधी, एक यार्ड बाकी. पेडरसन खेळले. झॅक अर्ट्झने पास झेलला, दोन यार्ड मिळाले आणि ईगल्स ४१-३३ने विजेते झाले. साऱ्यांनी त्यांना द्रष्टा म्हटले.

त्यानंतर चौथ्या संधीला खेळणारे संघ वाढत गेले. २८ जानेवारी २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध डेट्रॉइट लायन्सचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल चौथ्या संधीला दोनदा खेळले, फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे, तीन गुण बाजूला ठेवून. पहिल्यांदा पास खेळाडूच्या हाताला लागून निसटला, दुसरा झेलताच आला नाही. लायन्स ३१-३४ने हरले आणि सुपर बोल हुकला. पुन्हा तेच सगळे आरोप झाले. कॅम्पबेल म्हणाले, निर्णयांचा मला पश्चात्ताप नाही. पुढच्या हंगामातही त्यांचा संघ चौथ्या संधीला खेळतच राहिला.