गंडीपेटचा शरकार

आमचे एक स्नेही हैदराबादेत महसूल खात्याच्या दफ्तरात पेशकार आहेत, आणि दिवसभर इनामांच्या तंट्यांच्या मिसली चाळून झाल्यावर शहराच्या पश्चिमेस गंडीपेटच्या तलावाकाठी परवाना काढून गळ टाकीत बसणे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी ज्या मुसी नदीने एका दिवसात हजारो माणसे गिळली, तिला आवर घालण्यासाठी विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने जी धरणे बांधण्यात आली, त्यांपैकीच १९२० साली पुरे झालेले हे उस्मानसागर. पण सूर्य मावळतीला लागून पाण्यावर तांबूस तवंग पसरला, म्हणजे त्याच्या उगमाशी एवढा मृत्यू उभा आहे याची आठवणही राहत नाही. साहेबलोकांनी नीलगिरीत आणि काश्मिरात नेऊन रुजवलेला ट्राउट मासा थंड पाण्याचा, तो आमच्या या उष्ण पठारावर जगणे शक्य नाही. तथापि त्याच्यासाठी निघालेली पिसांची बेगडी माशी मात्र स्नेह्यांच्या धाकट्या भावाने परदेशाहून धाडली आहे, आणि आमच्या रोहू-मरळीलाही तिचा मोह पडतो.

स्नेही दत्तभक्त. दरसाल गाणगापूरची वारी चुकवीत नाहीत, आणि धरलेला मासा खातही नाहीत; हात ओला करून (कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघून जातो) गळ हलकेच सोडवून पुन्हा पाण्यात सोडतात. "तुम्ही याला हिंसा कसे म्हणता?" त्यांनी एकदा मला विचारले. "अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत शरकार आहे ना? बाण घडवताना जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी ज्याला कळले नाही, तो? मी इथे बसलो की मला दफ्तर आठवत नाही, वरिष्ठ आठवत नाहीत, मी स्वतः आठवत नाही. शरकाराचा बाणही कुणाच्या तरी छातीतच जायचा होता. पण अवधूताने त्याची एकाग्रता घेतली, बाण घेतला नाही."

युक्तिवाद मोठा चोख आहे, आणि पेशकाराला शोभेसा आहे. त्या रात्री मी एकनाथी भागवत काढले. नाथांनी एकादश स्कंधावरची ही टीका १५७३ साली काशीत पुरी केली. तिच्यातली ती गुरुमालिका पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की शरकार गुरू आहे, मध गोळा करणारा मधुहा गुरू आहे, आणि मीनही गुरू आहे, परंतु मीनाला गळ लावणारा मात्र त्या यादीत कोठेही नाही. त्या प्रसंगात शिकायचे ते माशाकडून. काठावर बसलेल्या माणसाकडे अवधूताने दृष्टीही टाकलेली नाही.

मीन शिकवतो ते जिव्हालौल्याचे फळ. आमिषाच्या रसापायी प्राण जातो, म्हणून रसना जिंकावी. हा उपदेश मला लहानपणापासून पटत आला होता. पण गंडीपेटच्या काठावर तो डळमळला. पावसाळ्यात मरळीची पिले जन्मतात आणि तांबड्या ठिपक्यांचा पुंजका व्हावा तशी पाण्याच्या पृष्ठभागाशी घोटाळतात. त्यांच्या खाली आई-बाप पहारा देत असतात. जाणते गळवाले नेमका तोच पुंजका हेरून त्याच्यावर आपले खोटे आमिष टाकतात, आणि मरळ झेप घेते ती भुकेने नव्हे, पिलांवर आलेले संकट परतवण्यासाठी. येथे गळ जिभेत रुतत नाही, वात्सल्यात रुततो. अशा माशाकडून रसनाजयाचा धडा घेण्याची मला तरी लाज वाटते.

आमच्या पूर्वजांना हा नाद अपरिचित होता असे मुळीच नाही. पुढे निजामाच्या मुलखात गेलेल्या आणि आज बीदर जिल्ह्यात असलेल्या कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे, आणि माशांच्या जाती, त्यांना आवडणारी आमिषे, काठी, दोरी, गळ या साऱ्यांचा त्यात विचार आहे. (मराठी बायका कांडताना ओव्या गातात, हेही याच ग्रंथाने नोंदले, म्हणून तो आपल्याला जवळचा.) राजाने या खेळाला विनोद म्हटले, ध्यान म्हटले नाही. त्याच्या त्या प्रांजळपणाचे मला राहून राहून कौतुक वाटते. याच प्रकारची प्रांजळता दरसाल मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादेत जिवंत मरळीचे पिलू औषधासह गिळायला रांगा लावणाऱ्या दमेकऱ्यांत असते: त्यांना श्वास हवा असतो, आणि त्यासाठी एक जीव जातो हे ते जाणतात.

स्नेह्यांना मी अनुशासनपर्वातली च्यवनाची कथा सांगितली. गंगा-यमुनेच्या संगमात बारा वर्षे जलवास करणारा हा ऋषी माशांसह कोळ्यांच्या जाळ्यात सापडला. कोळी भयभीत झाले. पण त्याने, ज्यांच्या संगतीत राहिलो त्यांना सोडून मी जाणार नाही, त्यांच्यासह मरेन नाही तर त्यांच्यासह विकला जाईन, असे सांगितले. नहुष राजाने हजार, लाख, कोटी, शेवटी सारे राज्य देऊ केले, तरी ते त्या ऋषीचे उचित मूल्य ठरेना. अखेर एका गाईवर सौदा पटला. आणि च्यवनाने कोळ्यांना शाप दिला नाही; मासे आणि कोळी दोघेही स्वर्गाला गेले. जाळे टाकणाऱ्याचे पोट आणि माशाचा प्राण यांचा हिशेब कथेने उघडपणे मांडला आहे. किंमत द्यायची असते, एवढेच तिचे म्हणणे.

सोडून दिलेल्या माशाची किंमत कोण देतो? स्नेह्यांची संध्याकाळ निवते, ती त्या जीवाच्या काही क्षणांच्या धडपडीवर. आणि मासा परत पाण्यात गेला म्हणजे वहीवरची बाकी शून्य झाली, असे त्यांना वाटते. माझा फैसला असा, की दयेचे हे सोंग हिंसेहून अवघड जागेचे दुखणे आहे, कारण हिंसा निदान आपले नाव सांगते. खाणारा माशाचा ऋणी राहतो. सोडणारा स्वतःला उलट माशाचा उपकारकर्ता समजतो. स्नेही यावर काही बोलले नाहीत. काठीची दोरी गुंडाळीत राहिले.

हे सारे लिहिणाराने आपलीही मिसल उघडी करावी, हे रास्त. मी मासे खातो. मरळ पाण्याबाहेरही हवेवर तग धरते, म्हणून ती बाजारात टपात जिवंतच ठेवलेली असते; आणि गेल्या रविवारी मुशीराबादच्या मासळीबाजारात, वळवळणारी एक मरळ बोटाने दाखवून, ती माझ्यासमोरच कापून घेऊन मी घरी आणली.