तप म्हणजे नुसता ताप नव्हे

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते १९



सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात : शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. आज वाणीच्या तपाबद्दल. जे बोलणं समोरच्याचं मन पेटवत नाही, जे खरं असतं, गोड असतं आणि त्याच्या भल्याचं असतं, ते बोलणं म्हणजे तप, असा १५व्या श्लोकाचा साधा अर्थ. आणि चारच श्लोकांनंतर इशारा आहे : हट्टाने, स्वतःला छळून किंवा दुसऱ्याचं वाटोळं करायला केलेलं तप तामस.

तप हा शब्द मुळात तापण्याचाच. पण किती तापायचं आणि कुठे? हे मला गेल्या रविवारी एका ग्राफिक्स कार्डाने शिकवलं.

कार्ड माझ्या धाकट्या भावाचं. तो अंबरनाथला राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दीड वर्षापूर्वी त्याचं कार्ड बंद पडायला लागलं. साधं काम चालायचं, पण रेंडरिंगचा लोड आला की स्क्रीन काळी. घरातला इंजिनियर मी! इंटरनेटवर बघितलं आणि कार्ड सरळ आईच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर भाजलं. चालू झालं! मी कॉलर ताठ केली.

तीन आठवड्यांनी ते ऐन कामात पुन्हा गेलं. त्याचं गिऱ्हाईक तुटलं. तो चिडला आणि मी म्हणालो, "तुला एक वस्तू धड सांभाळता येत नाही, धंदा काय सांभाळणार?" त्यानंतर आमचं बोलणं थांबलं. दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज, बस्स. बाकी सगळं आईमार्फत. "दादाला सांग", "त्याला सांग". दोन तुटलेल्या टोकांमध्ये आई जंपर वायर होऊन राहिली होती. आता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. परवा ती म्हणाली, "मला दिसायला लागेल रे, पण तुम्ही दोघं एकत्र दिसाल का?"

त्या रात्री कपाटातलं ते कार्ड बाहेर काढलं.

भिंगाखाली धरलं तर चिप ठीक वाटत होती. मग पॉवरच्या आठ पिनांच्या कनेक्टरची मागची बाजू पाहिली. दोन पिनांभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर. मल्टिमीटर लावून कनेक्टर हळूच हलवला, तर बीप येत होती, जात होती. जड कार्ड खाली झुकलेलं, वायरचा ताण वर्षानुवर्षं त्याच दोन टाक्यांवर. म्हणजे भावाचा काडीचाही दोष नव्हता.

आणि माझी ओव्हनची करामत? आजकाल बोर्डांवर जे बिनशिशाचं सोल्डर असतं, ते साधारण २१७ अंशांना वितळतं. मी २०० वर भाजलं, म्हणजे ते वितळलंच नव्हतं. कार्ड चालू झालं ते बहुधा काढताना-लावताना कनेक्टर हलला आणि चिरेची टोकं टेकली म्हणून. (कृपा करून हा प्रयोग घरी करू नका. ज्या ओव्हनमध्ये आपण खातो, त्यात बोर्ड भाजायचा नसतो.) सगळ्या बोर्डाला ताप दिला, जिथे दुखत होतं तिथे काहीच पोचलं नाही. १९व्या श्लोकातलं तप मी चक्क आईच्या स्वयंपाकघरात केलं होतं.

उल्हासनगरच्या एका दुकानातून फ्लक्सची पेस्ट आणि जाड बिट आणला. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या निर्वासितांचं हे शहर. तुटल्यावर पुन्हा उभं राहणं काय असतं, ते इथल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. दुकानातले काका एवढंच म्हणाले, "पहले साफ करना, फिर गरम करना."

आई हे ऐकून हसली. तिला लहानपणीचा कल्हईवाला आठवला. भांडं तापवून तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि मगच कथील धरायचं. नवसागर तेच करतो जे फ्लक्स करतं : धातूवर चढलेला गंज-मळ काढतो. मळावर कथील बसत नाही, गोळी होऊन घरंगळतं.

पहिल्या प्रयत्नात माझा टाका फसला. वरून चकचकीत, आतून सुटा. कारण मी फक्त सोल्डर तापवलं. ग्राउंडची पिन बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेली असते, तो थर सगळी उष्णता ओढून घेतो. पिन आणि तांबं, दोन्ही पुरेसं तापलं तरच सोल्डर दोघांना धरतं. जास्त तापवलं तर बोर्डावरचं तांबंच सुटून येतं. जुनं सोल्डर काढलं, पुन्हा साफ केलं, जाड बिट लावला, थांबलो. या वेळी सोल्डर भोकातून सरसर खाली उतरलं.

मित्रांनो, आमचा दिवाळीचा मेसेज हा तसाच चकचकीत सुटा टाका होता. शुभेच्छांचा लोड त्याला पेलतो, ऑपरेशनचा पेलत नाही. मी आजवर वाणीचं तप म्हणजे गोड बोलणं समजत होतो. पण श्लोकात गोडाच्या बरोबरीने खरंही आहे. आणि इथलं खरं माझ्याबद्दलचं होतं : चूक माझी होती, शब्दही माझेच. आधी तो मळ काढायला हवा होता. "जाऊ दे, विसरून जा" म्हणणं म्हणजे मळावरच कथील ओतणं.

सोमवारी त्याला फोन केला. त्याने अंबरनाथच्या शिवमंदिरात बोलावलं. शके ९८२चं, म्हणजे इ. स. १०६०चं ते देऊळ तुम्ही पाहिलं असेल. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, महादेवाला भेटायला पायऱ्या उतराव्या लागतात. उतरता उतरताच मी म्हणालो, "चीर कनेक्टरला होती. तुझी चूक नव्हती. मी जे बोललो ते खोटं होतं."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "परत ओव्हनमध्ये नाही ना घातलंस?"

सगळं मिटलं असं म्हणणार नाही. गेलेलं गिऱ्हाईक परत आलेलं नाही, आणि टाका खरा की खोटा ते लोडवरच कळतं. पण ऑपरेशनच्या दिवशी आईला न्यायला तो येतोय, आणि हे मला आईने नाही, त्याने सांगितलं.

आज एवढंच करून बघा. ज्याच्याशी फक्त सणासुदीचे मेसेज उरलेत असं एक नाव आठवा. फोन करण्याआधी शोधा, त्यात आपला मळ कोणता.

राम कृष्ण हरी.