जुन्याची पारख

डिसेंबर १९४७मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि काचेच्या व्हॉल्व्हचे दिवस भरले. पुढच्या दोन-अडीच दशकांत संगणक, रेडिओ, टीव्ही अशा एकेका यंत्रातून व्हॉल्व्ह हद्दपार होत गेला. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून मात्र तो हलला नाही. आजही जगभर हौशी माणसं असा ॲम्प्लिफायर घरी, स्वतःच्या हातांनी बांधतात. त्यातली काही तर नवं सामान विकत न घेता जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, मोडीत निघालेला स्पीकर, पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड अशी जमवाजमव करतात. कुणी याला स्मरणरंजन म्हणेल, कुणी काटकसर. मला त्याचं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं. जुन्या वस्तूशी कसं वागावं, याचं इतकं रोखठोक शिक्षण क्वचितच कुठे मिळत असेल. इथे जुन्याची डोळे झाकून पूजा केली, तर जीव जाऊ शकतो. आणि जुनं सरसकट फेकून दिलं, तर ज्यासाठी हा खटाटोप, तो आवाजच हाती लागत नाही.

यंत्र तसं साधं आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातला फेंडर कंपनीचा ‘चॅम्प’ हा घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या अनेकांचा पहिला धडा असतो. त्यात व्हॉल्व्ह तीनच. गिटारकडून आलेला क्षीण सिग्नल १२एएक्स७ दोन टप्प्यांत वाढवतो, ६व्ही६ त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो आणि ५वाय३ एसी विजेची डीसी करतो. बाहेर बटण एकच, आवाज कमी-जास्त करण्याचं. ताकद जेमतेम ५ वॅट. सगळं सर्किट कागदाच्या एका पानावर मावतं आणि त्यातला प्रत्येक रेझिस्टन्स, प्रत्येक कंडेन्सर तिथे का आहे, हे चिकाटीने शिकणाऱ्या कुणालाही कळू शकतं. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या कितीतरी व्हॉल्व्ह रेडिओंच्या शेवटच्या टप्प्यात असाच एकटा पॉवर व्हॉल्व्ह असे, बऱ्याचदा ईएल८४. त्यामुळे त्या रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर अशा छोट्या ॲम्प्लिफायरला नेमका लागू पडतो.

आज ज्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान मिळतो, ते ॲम्प्लिफायर मुळात कसे तयार झाले, हेही पाहण्यासारखं आहे. लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९३८मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं. वादक आपापले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत आणि काय मोडतं, काय टिकतं, हे त्याला दुरुस्तीच्या टेबलावरच समजत गेलं. त्याची सुरुवातीची सर्किटं व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या हस्तपुस्तिकांत सापडणाऱ्या सर्किटांच्या नात्यातली होती. पेटीसाठी पाइनचं लाकूड, आणि वरून त्या काळी प्रवासी बॅगांना लावत ते जाड सुती कापड.

लंडनमधली कथाही याच वळणाची. १९६२मध्ये हॅनवेल भागातल्या आपल्या ड्रमच्या दुकानात जिम मार्शलने केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांच्या मदतीने फेंडरच्या ‘बासमन’वर बेतलेला ॲम्प्लिफायर तयार केला. अमेरिकी माल महाग पडे, म्हणून इंग्लंडमध्ये मिळेल ते वापरलं. आधीच्या ५८८१ व्हॉल्व्हची जागा लवकरच ब्रिटिश केटी६६ने घेतली, स्पीकर सेलेस्टियनचे आले. सर्किट जवळजवळ तेच राहिलं, पण आवाज बदलला आणि पुढच्या रॉक संगीताला स्वतःचा रंग मिळाला. म्हणजे या परंपरेचे मूळपुरुषच हाताशी असलेल्या सामानातून वाट काढणारे होते. आज त्याच छापाचा, त्याच कंपनीचा कंडेन्सर मिळावा म्हणून वाटेल ती किंमत मोजणारा माणूस त्यांच्या फळाची नक्कल करतो. जुन्या बाजारातून मिळालेल्या ट्रान्सफॉर्मरशी सर्किटचा मेळ घालत बसणारा माणूस त्यांची कामाची रीत चालवतो. मला दुसरा माणूस परंपरेच्या अधिक जवळचा वाटतो.

आवाजाचा इतिहासही शुद्धतेचा नाही. १९५१मध्ये मेम्फिसला ‘रॉकेट ८८’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गिटारवादक विली किझार्टचा ॲम्प्लिफायर वाटेत बिघडला होता. स्पीकरच्या कोनात कागद कोंबून काम भागवलं, आणि त्यातून आलेला खरखरीत, भरलेला आवाज लोकांच्या कानात बसला. १९६४मध्ये ‘द किंक्स’ या बँडच्या डेव्ह डेव्हिसने ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यासाठी छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कोन चक्क ब्लेडने फाडला. ज्या डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाजाच्या विकृतीला, हाकलण्यासाठी अभियंत्यांनी आयुष्यं वेचली, तेच या वाद्याचं सौंदर्य ठरलं.

यामागे भौतिकशास्त्र आहे. सिग्नल मर्यादेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह त्याचे शेंडे एकदम छाटत नाही, हळूहळू गोलाईने दाबतो. एकट्या पॉवर व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये लहरीच्या वरच्या आणि खालच्या बाजू सारख्या दबत नाहीत, म्हणून मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर त्यात ठळकपणे मिसळतो. त्याच्यासोबत येणारा तिप्पट कंपनसंख्येचा स्वर त्या वरच्या सप्तकातला पंचम असतो. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, तेव्हा तोही तारेचा नाद कोरा ठेवत नाही. घोडीचा पृष्ठभाग असा घासतो की तार त्याला हलकेच स्पर्शत राहते आणि स्वरातून स्वर फुटतात. ज्याने तानपुरा कान देऊन ऐकला आहे, त्याला व्हॉल्व्हच्या भरलेल्या आवाजाची ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

इथे जुन्या रेडिओच्या मर्यादाही कामी येतात. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान, त्यामुळे फार खालचे स्वर त्याला पेलत नाहीत. पण गिटारची सर्वांत जाड तारही नेहमीच्या जुळणीत साधारण ८२ हर्ट्झच्या खाली उतरत नाही. जुन्या कागदी कोनाचा स्पीकर वरच्या कंपनसंख्या गाळून टाकतो. गिटारच्या स्पीकरमध्ये तर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरची ही गळती हवीच असते, नाहीतर डिस्टॉर्शन कानाला टोचतं. रेडिओ म्हणून जे उणं होतं, ते इथे गुण होतं. वस्तूचा दोष हा पुष्कळदा तिच्या जागेचा दोष असतो, हे इथे कानांनी पटतं.

मग काय ठेवायचं आणि काय काढायचं? खरी पारख इथे लागते. दमट हवा आणि जादा तापणं यांपासून वाचलेला ट्रान्सफॉर्मर कित्येक दशकं शाबूत राहतो. त्यात लोखंडाच्या पट्ट्या आणि तांब्याची तार, झिजण्यासारखं फारसं नाही. स्पीकरचं अल्निको चुंबक टिकतं. चासी, नॉब, व्हॉल्व्हचे बेस घासूनपुसून घेतले की पुन्हा उभे राहतात. जुन्या लाकडातली ओल केव्हाच निघून गेलेली असते, म्हणून त्याची पेटी सहसा वाकत नाही. पण फिल्टर कंडेन्सरमधलं रसायन सुकून गेलेलं असतं. मेण आणि कागदाचे कंडेन्सर लीक होतात. मग आधीच्या टप्प्यावरचं डीसी व्होल्टेज पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जाऊन पोचतं, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, आणि जो ट्रान्सफॉर्मर वाचवायला आपण निघालो, तोच जळतो. कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर आपली किंमत बदलतात. वायरीवरचं रबर हात लावताच तुकडे होऊन पडतं. हे सगळं नवं घालायचं, त्यात भावनेला जागा नाही. अमुक वर्षापूर्वीचं ते चांगलं, असा नियम इथे चालत नाही. प्रत्येक भागाचं काम काय आणि ते काम तो आज करतो का, एवढंच विचारायचं, आणि उत्तर मीटरवर वाचायचं.

काही जुनं तर या कामाला घ्यायचंच नाही. एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या रेडिओंना मेन ट्रान्सफॉर्मर नसायचा. त्यांची चासी थेट विजेच्या तारेला जोडलेली असे. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या चासीशी जोडलेल्या असतात. असं सर्किट आहे त्या स्थितीत गिटारला जोडणं म्हणजे वादकाच्या बोटांत घरची वीज देणं. ट्रान्सफॉर्मरच्या सर्किटातही ३०० व्होल्टच्या आसपास डीसी खेळत असते आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ती साठून राहते. ती रेझिस्टन्समधून उतरवल्याशिवाय आणि मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. जुनी दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची घालायची. पहिल्यांदा वीज द्यायची ती रेडिओ मेकॅनिक वापरतात त्या सिरीज बोर्डावरून, बल्ब मध्ये ठेवून. हे सारं जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकावं.

पारखीचा आणखी एक भाग आहे, हात आवरण्याचा. पाश्चात्त्य देशांत हॅमंड ऑर्गन आणि १६ मिमी प्रोजेक्टर यांतले ॲम्प्लिफायर काढून गिटारसाठी वळवण्याची रीत पडली आहे. जे यंत्र पुन्हा आपलं मूळ काम करू शकणार नाही, त्याच्या बाबतीत हे योग्यच. पण जो मर्फी, बुश किंवा फिलिप्स रेडिओ थोड्या दुरुस्तीने पुन्हा बोलू लागेल, त्याच्या पोटातून ट्रान्सफॉर्मर उपटणं मला अन्यायाचं वाटतं. साठच्या दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह तयार होत. त्यांचे न वापरलेले ईएल८४ आजही परदेशी हौशी मंडळी शोधून विकत घेतात. आपल्या माळ्यावर पडलेल्या रेडिओत असा एक व्हॉल्व्ह असू शकतो. तो सुस्थितीत असेल, तर त्याची पहिली जागा तो रेडिओच.

आक्षेप खरे आहेत. पाच वॅट आवाजासाठी असा ॲम्प्लिफायर भिंतीतून चाळीसेक वॅट ओढतो, उरलेल्याची उष्णता होते. तळहाताएवढं डिजिटल यंत्र आज डझनभर जुन्या ॲम्प्लिफायरांचा आवाज फार जवळून उभा करतं. पर्यावरण वाचवण्याचा दावाही मी करणार नाही. चार ट्रान्सफॉर्मर वाचवून ई-कचऱ्याचा डोंगर हलत नाही. पण डिजिटल यंत्र बिघडलं की त्याच्याशी आपलं बोलणं संपतं. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बिघडला की काम सुरू होतं, कारण तो समजून घेता येतो. ईसीसी८३, म्हणजे तोच १२एएक्स७, स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये अजून बनतो, तो या उघड्या, दुरुस्त होणाऱ्या यंत्रावर प्रेम करणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे. २०२२मध्ये भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली. हा हक्क कागदावर येणं गरजेचंच आहे, पण तो वापरणारे हात आणि वाचता येणारी सर्किटं नसतील, तर त्याचा उपयोग नाही.

परंपरेबद्दल आपल्याकडे दोन टोकांचं बोललं जातं. एका बाजूला जे पूर्वजांचं ते सगळं शिरोधार्य, दुसऱ्या बाजूला जे जुनं ते सगळं अडगळ. दोघांचाही एक फायदा असतो, तपासण्याचे कष्ट वाचतात. जुन्या सामानातून ॲम्प्लिफायर बांधणाऱ्याला ही सवलत नाही. त्याला प्रत्येक तुकडा हातात घेऊन निर्णय करावा लागतो, आणि निर्णय चुकला तर ते लगेच कळतं. ही सवय हातांतून विचारांत उतरावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक विनंती. घरातला बंद व्हॉल्व्ह रेडिओ भंगारवाल्याला देण्याआधी, आणि प्लग लावून पाहण्याच्याही आधी, गावातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकला दाखवा. रेडिओ दुरुस्त होणार असेल, तर दुरुस्त करा. होणार नसेल, तर त्यातलं काय जिवंत आहे, हे मेकॅनिकच्या शेजारी बसून शिकून घ्या, आणि सर्किट वहीत उतरवून ठेवा. ही विद्या जाणणारी माणसं आता थोडी उरली आहेत.