अमानत कुणाच्या हवाली?

चित्रपट फिल्मवर काढावा की डिजिटल कॅमेऱ्यावर, हा वाद बहुधा नजरेच्या अंगाने घातला जातो. फिल्मचे चित्र दाणेदार, त्यातला अंधार खोल, चेहऱ्यावरचा उजेड मऊ. हे आम्हांलाही मान्य आहे. ख्रिस्तोफर नोलनसारखा दिग्दर्शक २०२३ साली ‘ओपनहायमर’ फिल्मवरच काढतो, तो काही हौस म्हणून नव्हे.

पण फिल्मचे चाहते आणखी एक दावा करतात आणि तो नैतिक आहे. ३५ मिलिमीटरचा हजार फुटांचा डबा जेमतेम ११ मिनिटे चालतो. प्रत्येक फुटाला पैसे पडतात, म्हणून कॅमेरा सुरू करण्यापूर्वी माणूस विचार करतो, तालीम करतो. डिजिटलमध्ये हा धाक नाही. चित्रण वाटेल तितके करा, नको ते पुसा. म्हणजे फिल्म संयम शिकवते आणि डिजिटल इस्राफ, असे म्हणायचे.

आम्हांला हे पटत नाही. मालेगावकडे पाहा. यंत्रमागाच्या या गावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. त्यात सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा तरुण. तो २०११ साली कर्करोगाने गेला. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात या मंडळींची सारी धडपड दिसते. कॅमेरा हलवायला ट्रॉली नाही, तर सायकल आहे. फिल्मचा एक डबा परवडला नसता अशा माणसांनी काटकसर कुणाकडून शिकावी? काटकसर नियतीत नसते, नियतमध्ये असते. फिल्मच्या महागाईला शिस्त म्हणणे हे ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांना सोपे. सस्त्या कॅमेऱ्याने जे दार उघडले, त्यातून आमचीच माणसे आत आली, हे विसरून चालणार नाही.

तरीही फिल्मचा एक हक्क उरतो. तो सांभाळण्याचा आहे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. त्यात फकिराच्या भूमिकेत वजीर मोहम्मद खान गायले. आपल्या बोलपटातले ते पहिले गाणे. आज त्या चित्रपटाची एकही प्रत शिल्लक नाही, आणि पडद्यावरचा तो आवाजही त्याच्याबरोबर गेला. जुन्या प्रिंट त्यातल्या चांदीसाठी विकल्या जात. नायट्रेटची फिल्म पेट घेई. २००३ साली पुण्यात अशा फिल्मचा मोठा साठा जळाला. नंतरच्या ॲसिटेट फिल्मला दमट हवेत व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि ती आकसते. फिल्म अमर आहे असे कुणी सांगितले तर त्याला हा वास घ्यायला लावावा.

मात्र थंड, कोरड्या, अंधाऱ्या खोलीत नीट ठेवलेली फिल्म शंभर वर्षे गप्प पडून राहू शकते. मधल्या दोन पिढ्या तिला विसरल्या तरी चालते. उजेडासमोर धरली की चित्र डोळ्यांना दिसते. डिजिटल फाइलला हा विसर परवडत नाही. डिस्क बिघडते, यंत्र बदलते, काही वर्षांनी नवी प्रत काढावीच लागते. तुलना जपूनच करायची, पण फिल्म एखाद्या जुन्या हस्तलिखितासारखी आहे आणि डिजिटल हाफिजच्या पाठांतरासारखे: एका पिढीने पुढच्या पिढीला दिले नाही तर साखळी तुटते. कुराण शरीफच्या बाबतीत मुस्लिमांनी दोन्ही वाटा जपल्या, लिखित प्रतही आणि पाठांतरही.

सिनेमाच्या बाबतीत मोठ्या कंपन्यांना दोन्ही वाटा परवडतात. मालेगावसारख्या गावातल्या कामाला पहिली वाट कधी मिळालीच नाही, आणि दुसरीसाठी दर काही वर्षांनी कुणीतरी उठून प्रत काढायला हवी. हा कुणीतरी कोण, हे आपल्या जमातींत, वाचनालयांत, साहित्य मंडळांत कुणी विचारलेले नाही. व्हिडिओ कॅसेटवरचा चुंबकीय थर दरवर्षी झिजतो आहे, आणि ती कॅसेट वाचणारा व्हीसीआर बनवणे जगातल्या शेवटच्या कारखान्यानेही २०१६ साली थांबवले.