घासांचा हिशेब



दिव्य कुरआनच्या सूरह अल्-आराफमधील ३१ व्या आयतीत अल्लाहने आदमच्या संततीला खाण्यापिण्याची मुभा दिली आणि तिथेच मर्यादा ओलांडण्यास मनाई केली, कारण मर्यादा ओलांडणारे त्याला प्रिय नाहीत. ही आज्ञा कोठे आली आहे, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक नमाजच्या वेळी नीटनेटका पोशाख करा, या आज्ञेला लागूनच ती आली आहे. म्हणजे ज्या वाक्यात मशिदीचा उल्लेख आहे, त्याच वाक्यात ताटाचाही विचार आहे. उपासना आणि आहार ही श्रद्धावंताच्या जीवनातील दोन वेगळी खाती नाहीत.

सूरह अल्-बकराच्या १६८ व्या आयतीत अन्नासाठी दोन अटी सांगितल्या आहेत : ते हलाल असावे आणि तय्यब, म्हणजे शुद्ध व उत्तम असावे. पहिल्या अटीविषयी आपली घरे दक्ष असतात. मांस कोणाकडून आणले, कोणी जबह केले, याची आपण चौकशी करतो आणि ती केलीच पाहिजे. पण दुसऱ्या अटीपाशी आपली चौकशी थांबते. मुंबई, मुंब्रा, भिवंडी किंवा पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी दिवसाचे बारा तास घराबाहेर राहणारा आपला तरुण रात्री अकराला शोरमा, तळलेली कोंबडी आणि शीतपेय मागवतो. दुकानावर ‘हलाल’ची पाटी आहे, एवढ्यावर त्याचे समाधान होते. शरीरासाठी ते तय्यब आहे का, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शिवाय आपल्याकडे हा विकार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयात गाठतो. आपल्या मोहल्ल्यांतील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसे पाहिली, तरी या आकड्यांची खात्री पटते.

तरुण मित्रांनो, ज्या मोबाइलवरून तुम्ही रात्रीचे जेवण मागवता, त्याच मोबाइलवर आज खाण्याची नोंद ठेवणारी ॲपही आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तयार केलेले ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे त्यांपैकीच एक. आपल्याकडील धान्ये, भाज्या आणि शिजवलेले पदार्थ यांचे पोषणमूल्य त्यात पाहता येते. अशी ॲप वापरणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न अनेक तरुण इमामांना विचारतात. कोणी म्हणतो, घास मोजणे म्हणजे अल्लाहच्या देणगीचा अनादर. कोणी म्हणतो, हा निव्वळ दुनियादारीचा छंद.

याचे उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यातील एका शब्दात दडलेले आहे. मराठीतला ‘हिशेब’ हा अरबी ‘हिसाब’ आहे. कियामतच्या दिवसाला आपण ‘यौमुल हिसाब’ म्हणतो, तोच हा शब्द. वाण्याच्या वहीपासून अल्लाहच्या दरबारापर्यंत तो एकच आहे. तिर्मिजीच्या संग्रहातील एका हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, कियामतच्या दिवशी माणसाला आयुष्य, ज्ञान आणि संपत्ती यांबरोबरच आपले शरीर कशात झिजवले, याचाही जाब द्यावा लागेल. आणि हजरत उमर (र.) यांची शिकवण प्रसिद्ध आहे : तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी तुम्हीच स्वतःचा हिशेब घ्या. यालाच आपले विद्वान मुहासबा म्हणतात.

मुहासब्यात सर्वांत मोठा अडथळा विसराळूपणाचा असतो. काल काय खाल्ले असे तरुणाला विचारले, तर तो दोन जेवणे सांगतो. पाच वेळचा चहा, मित्रांसोबतची भजी, व्हिडिओ पाहता पाहता संपलेले वेफर्सचे पाकीट त्याला आठवत नाही. तो खोटे बोलत नसतो. स्वतःच्या बाबतीत सवलत देणे हा नफ्सचा स्वभावच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत असणे हिताचे. पाच कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर घातली, तर चहाचीच साखर ४० ग्रॅमच्या आसपास जाते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ती सहसा ३० ग्रॅमपर्यंत असते. ॲपमध्ये ही नोंद केली की विसरलेले समोर येते. एवढ्यापुरते ॲप हे मुहासब्याचे साधन आहे आणि शुद्ध हेतूने ते वापरण्यास हरकत नसावी. मात्र ॲप हा मुनीम आहे. मुनीम खर्च दाखवतो; खर्च आवरायचा की नाही, ते मालकाने ठरवायचे असते.

आणि येथेच दुसरी बाजू सुरू होते. आपल्या अनेक घरांत दस्तरखानावर एकाच थाळ्यातून जेवण्याची रीत अजून टिकून आहे. ॲप विचारते, तुम्ही किती ग्रॅम भात खाल्ला? सामाईक थाळ्यात हे कसे सांगणार? म्हणून तरुण आपले ताट वेगळे करतो. मग वेळ वेगळी होते, मग खोली वेगळी होते. आईने रांधलेल्या सालनावर तो कॅलरीचा आकडा वाचून दाखवतो आणि आईचा चेहरा उतरतो. एका साधनाने शरीर सावरले आणि घर विस्कटले, तर हा व्यवहार तोट्याचा आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हदीस आहे की, काही सहाबांनी पोट भरत नसल्याची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना वेगवेगळे न खाता एकत्र बसून, अल्लाहचे नाव घेऊन खाण्यास सांगितले, त्यात बरकत आहे. ही बरकत कोणत्याही ॲपच्या रकान्यात भरता येत नाही.

मग थाळाही राहावा आणि प्रमाणही राखले जावे, यासाठी काय करावे? हजरत उमर बिन अबी सलमा (र.) लहानपणी प्रेषितांच्या (स.) घरी वाढत होते. जेवताना त्यांचा हात थाळ्यात सगळीकडे फिरे. प्रेषितांनी (स.) त्यांना वेगळे बसवले नाही, रागावलेही नाहीत. अल्लाहचे नाव घेणे, उजव्या हाताने खाणे आणि आपल्या समोरचे खाणे, एवढ्या तीनच गोष्टी सांगितल्या. पुढे आयुष्यभर आपण तसेच खात राहिलो, असे ते स्वतः सांगतात. आपल्या समोरचे खाणे हा शिष्टाचार आहे आणि तेच प्रमाणही आहे. थाळ्यातील आपल्या बाजूला दोन पळ्या भात घेतला, तर तो मनात मोजता येतो आणि जेवण आटोपल्यावर अंदाजाने नोंदवता येतो. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण पाळणाऱ्याला तराजूची गरज फारशी पडत नाही.

प्रेषितांनी (स.) कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. म्हणून मित्रांनो, दस्तरखानावर आकडे वाचू नका. नको असेल ते शांतपणे सोडा आणि आईला दुसऱ्या वेळी, एकांतात, आदराने सांगा.

माता-भगिनींनो, आपल्याकडेही एक विनंती आहे. नको म्हणणाऱ्या मुलाच्या ताटात ‘माझी शपथ’ म्हणून आणखी एक पुरी वाढू नका. शपथ केवळ अल्लाहच्या नावाची असते आणि पोटाला सक्ती नसते. पाहुणचार हे पुण्यकर्म आहे. पण मुलाने थोडक्यात हात आखडला, तर तो आपल्या प्रेमाचा नकार समजू नका.

वडीलधाऱ्यांसाठी हजरत अनस (र.) यांची आठवण पुरेशी आहे. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावले. जवाची भाकरी आणि भोपळा व सुकवलेले मांस घातलेला रस्सा समोर आला. प्रेषित (स.) भांड्यातून भोपळ्याच्या फोडी शोधून खात आहेत, हे अनस यांनी पाहिले आणि त्या दिवसापासून त्यांना भोपळा आवडू लागला. त्यांना कोणी भोपळ्याचे गुण सांगितले नव्हते. जो प्रिय आहे तो काय आवडीने खातो, हे त्यांनी पाहिले, इतकेच. ज्या घरात वडील भाजीची वाटी बाजूला सारतात, तेथे मुलाच्या मोबाइलमधील ॲप ‘भाजी खा’ म्हणून किती दिवस सांगणार?

काही मर्यादाही पाळाव्यात. मुला-मुलींच्या ॲपमधील नोंदी चोरून पाहू नका. सूरह अल्-हुजुरातच्या १२ व्या आयतीत एकमेकांची हेरगिरी करण्यास मनाई आहे. ॲपवरील जाहिराती पाहून भुकट्या आणि कॅप्सूल घेऊ नका. कॅप्सूलचे जिलेटिन कोणत्या प्राण्यापासून बनले, हे तपासल्याशिवाय ते हलाल मानू नका. आणि एखादी मुलगी आकडा कमी करण्याच्या नादात जेवणच टाळू लागली, तर ॲप बंद करून तिला डॉक्टरांकडे न्या. शरीराचा तुमच्यावर हक्क आहे, ही हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांना मिळालेली शिकवण उपासमारीलाही लागू होते, ती तर सततच्या रोजांनी शरीर शिणवू नये म्हणूनच दिली गेली होती.

अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते. म्हणून या महिन्यात एवढेच करा : चहातील साखर निम्म्यावर आणा, रोजच्या एका जेवणात भाजीची वाटी भरून घ्या, इशाच्या नमाजनंतर दिवसभराच्या खाण्याची नोंद दोन मिनिटे पाहा आणि दिवसातून एकदा तरी सर्वांनी मोबाइल दूर ठेवून एका दस्तरखानावर बसा.

हे अल्लाह, आमच्या अन्नात बरकत दे, आमच्या तरुणांच्या शरीरांना तुझ्या उपासनेसाठी आणि तुझ्या दासांच्या सेवेसाठी बळ दे, आणि ज्या दिवशी प्रत्येक देणगीचा हिशेब होईल, त्या दिवशी आमचा हिशेब सोपा कर. आमीन.