अर्फजची मोजणी

कुवेतचे राष्ट्रीय फूल अर्फज. हे झुडूप चराई, हिवाळ्यातले तंबू आणि गाड्यांच्या चाकांमुळे विरळ झाले. १९९०-९१ च्या युद्धात रणगाड्यांनी व खंदकांनी त्यात भर घातली. सबाह अल्-अहमद अभयारण्यात मात्र कुंपणाआड ते टिकून आहे. वनस्पतींचे अभ्यासक वाळवंटात चौकोन आखतात आणि दर वसंतात त्याच जागी झुडपे मोजतात. काही उगवले नाही, तर शून्यही लिहितात.

आपण म्हणतो, "इकामा संपला की परत, या वाळवंटाशी आपले काय नाते?" पण मोजणाऱ्याच्या तरी मालकीचे तिथे काय असते? तो पुढच्यासाठी नोंद ठेवून जातो. पाहुण्याला मालकी नसते, जबाबदारी असते. यंदा सहलीला जाताना गाडी मळलेल्या वाटेवरूनच नेऊ या.